तीन शहरांमधला काळोख

सह्याद्रीच्या माथ्यावरून रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घेण्याची कला गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रात झपाट्याने रुजली. तिच्या मुळाशी डिजिटल कॅमेऱ्यांची वाढलेली संवेदनक्षमता आहे, तशीच किल्ल्यांवर रात्र काढण्याची इथली जुनी रीतही आहे. या कलेचा विचार बहुधा उपकरणांच्या अंगाने होतो. कोणते भिंग घ्यावे, किती सेकंद झडप उघडी ठेवावी, संगणकावर पुढे काय करावे, याची माहिती आता सहज मिळते. मात्र हे चित्र कोणत्या अक्षांशावर, कोणत्या दिशेकडे तोंड करून आणि कोणत्या तिथीला घेतले, या तीन गोष्टींवर त्याचे स्वरूप किती अवलंबून असते, आणि त्यामुळे ते त्या जागेच्या काळोखाची नोंद कसे ठरते, याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. या दृष्टीने तपासून पाहण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगड आणि त्याच्या पश्चिमेचा कोकणकडा यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

हरिश्चंद्रगड साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि त्याचे सर्वोच्च शिखर तारामती समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरांहून अधिक उंच आहे. नकाशावर त्याच्याभोवती पाहिले असता असे दिसते की नाशिक त्याच्या जवळजवळ थेट उत्तरेला ७० किलोमीटरांच्या आत आहे, पुणे जवळजवळ थेट दक्षिणेला शंभरेक किलोमीटरांवर आहे आणि मुंबई पश्चिम-नैर्ऋत्येला साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. हे अंतर सरळ रेषेतले आहे, घाटरस्त्यांचे नव्हे, आणि प्रकाश सरळ रेषेत येतो. त्यामुळे गडावर उभ्या राहिलेल्या माणसाला ध्रुवतारा नाशिकच्या उजेडावर, अगस्त्य पुण्याच्या उजेडावर आणि मावळणारी आकाशगंगा मुंबई महानगराच्या उजेडावर पाहावी लागते. फक्त पूर्व आणि आग्नेय या दिशांना, म्हणजे देशाच्या पठाराकडे, क्षितिजाजवळचे आकाश त्या मानाने काळे राहते.

अक्षांशाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो तारकारेषांच्या चित्रांत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश ताशी १५ अंशांनी सरकल्यासारखे दिसते, आणि कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून तीन तास प्रकाश नोंदवत राहिल्यास प्रत्येक तारा ४५ अंशांचा कंस काढतो. या सर्व कंसांचे केंद्र असलेला खगोलीय ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर असतो, तितकाच त्या जागेचा अक्षांश असतो. सह्याद्रीत हा ध्रुव १९ अंशांवर, म्हणजे हात पुढे ताणून पसरलेल्या एका वितीइतका वर असतो. म्हणून इथल्या चित्रांत वर्तुळांचे केंद्र कड्याच्या किंवा सुळक्याच्या अगदी डोक्याशी बसवता येते, मात्र पूर्ण वर्तुळे लहान आणि मोजकीच मिळतात. सप्तर्षींतला एकही तारा इथे कायम क्षितिजावर राहत नाही, सातही मावळतात. उलट पश्चिमेकडे तोंड केलेल्या कोकणकड्यावरून मावळतीचे तारे टिपले, तर त्यांच्या रेषा क्षितिजाशी ७१ अंशांचा कोन करून, किंचित उत्तरेकडे झुकत, जवळजवळ उभ्याच कोकणात उतरतात. लंडनच्या अक्षांशावर हाच कोन ३९ अंशांच्या आसपास असल्याने तिथल्या चित्रांत तारे तिरपे घसरताना दिसतात. कड्याची उभी कातळभिंत आणि ताऱ्यांच्या उभ्या रेषा एका चित्रात समांतर येतात, तेव्हा त्यात दिसणारी लय छायाचित्रकाराच्या कल्पनेतून आलेली नसते, ती अक्षांशातून आलेली असते.

दक्षिणेकडच्या ताऱ्यांच्या बाबतीतही हा अक्षांश उदार आहे. अगस्त्य हा व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा हरिश्चंद्रगडावरून दक्षिण क्षितिजाच्या वर सुमारे १८ अंश चढतो. लडाखमधील हानले येथून तो जेमतेम साडेचार अंश वर येतो, आणि त्रिशंकूचा तळचा तारा तर तिथे उगवतच नाही. सह्याद्रीत मात्र एप्रिल-मे महिन्यांत त्रिशंकू आणि त्याच्या पूर्वेचा मित्र हा तारा कातळकड्यांच्या माथ्याला खेटून दक्षिणेकडे सरकताना टिपता येतात. अगस्त्य ऋषींनी विंध्य ओलांडून दक्षिणेत वस्ती केली, या कथेमागे उत्तरेकडून येणाऱ्यांना हा तारा दक्षिणेत उतरता उतरता वर चढताना दिसला असावा, असा तर्क पुष्कळदा मांडला जातो. प्रवरेच्या काठी अकोले येथे अगस्ती ऋषींचा आश्रम दाखवला जातो आणि त्याच तालुक्याच्या डोंगरांवरून त्यांच्या नावाचा तारा इतका ठळक दिसतो. हा योगायोग असला, तरी छायाचित्रासाठी त्याहून समर्पक विषय मिळणे कठीण आहे.

आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत, मूळ नक्षत्राच्या जवळ, खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे. सह्याद्रीवरून ते ४१ अंशांपर्यंत वर येते, तर हानले येथून फार तर २८ अंशांपर्यंत. म्हणजे केवळ भूमितीचा विचार केला, तर आकाशगंगेचा सर्वांत दाट, धूळमेघांनी चिरलेला भाग टिपण्यासाठी महाराष्ट्राचे डोंगर हिमालयाहून सरस आहेत. पण निसर्गाने इथे एक मोठी अडचण घालून ठेवली आहे. हा भाग रात्रभर डोक्यावर असण्याचे महिने जून ते ऑगस्ट हे आहेत, आणि तेच महिने सह्याद्रीत पावसाचे आहेत. तारे रोज सुमारे चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास लवकर उगवतात. त्या हिशेबाने केंद्राचा भाग फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे आग्नेयेला वर येतो, मेच्या मध्याला मध्यरात्रीनंतर पावणेतीनच्या सुमारास दक्षिणेत सर्वांत उंच असतो, पुढे चार महिने ढगांआड जातो आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी नैर्ऋत्येला मावळतीकडे झुकलेला सापडतो.

मे महिना वेळेच्या दृष्टीने सोयीचा असला, तरी तेव्हा हवा स्वच्छ नसते. पावसापूर्वी भाताची रोपे वाढवण्यासाठी घाटमाथ्यावर आणि कोकणात राब भाजण्याची पद्धत आहे. पालापाचोळा, फांद्या आणि शेण यांचा थर रोपवाटिकेच्या जागी पसरून तो जाळला जातो, आणि त्या धुराचा पातळ पडदा क्षितिजावर टांगून राहतो. त्यात अरबी समुद्रावरून येणारे बाष्प मिसळते, त्यामुळे क्षितिजाजवळचे पहिले दहा-पंधरा अंश बऱ्याच रात्री निरुपयोगी होतात आणि शहरांचा उजेड त्या धूरकटपणावरून परतून अधिक पसरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने धुतलेली हवा नितळ असते, पण रात्री दव इतके पडते की भिंगावर गरम पट्टी बांधली नाही तर अर्ध्या तासात चित्र धूसर होऊ लागते. कोरडी हवा, स्वच्छ आकाश आणि दीर्घ रात्री यांचा मेळ डिसेंबर ते फेब्रुवारीत जमतो, मात्र तेव्हा संध्याकाळी डोक्यावर असतो तो मृग, रोहिणी आणि पुनर्वसू यांच्यामधून जाणारा आकाशगंगेचा बाहेरचा, फिकट पट्टा. सह्याद्रीतल्या छायाचित्रकाराचे वर्ष या अडचणींच्या फटींमधून आखले जाते, आणि त्यासाठी त्याला ॲपइतकाच पंचांगाचा उपयोग होतो. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनाचे माप असल्याने चंद्राचा प्रकाश किती आणि किती वाजेपर्यंत, याचे उत्तर तिथीतच दडलेले असते.

चंद्रप्रकाश पूर्णपणे टाळावा, असा समज नवशिक्यांमध्ये आढळतो, तो सह्याद्रीपुरता तरी अर्धवट आहे. इथला खडक काळा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला, आणि तो तारकाप्रकाश फारसा परत टाकत नाही. त्यामुळे अमावास्येच्या चित्रात कडा हा केवळ काळा कापलेला आकार उरतो. हिवाळ्यात वाळून पांढुरके झालेले गवत थोडा उजेड परतवते, म्हणून त्या महिन्यांत पठार दिसते आणि कातळ दिसत नाही. कोकणकडा पश्चिमाभिमुख आणि आत वळलेला आहे. शुक्ल तृतीया-चतुर्थीची कोर सूर्यास्तानंतर दोन-तीन तास पश्चिमेला असते आणि तिचा तिरपा, मंद प्रकाश त्या वाटीसारख्या भिंतीवर समोरून पडतो. कडा त्या वेळी टिपायचा, तिकाटणे न हलवता चंद्र मावळण्याची वाट पाहायची आणि मग आकाश टिपायचे, ही इथल्या जाणकारांची रीत आहे. दोन्ही नोंदी एकाच जागेच्या, एकाच दिशेच्या आणि एकाच रात्रीच्या असतात, हे तिचे बळ आहे.

कॅमेऱ्यात नेमके काय घडते, हे समजल्याशिवाय अशा चित्राच्या खरेपणाविषयी बोलता येत नाही. काळोखाला सरावलेल्या डोळ्याची बाहुली तरुणपणी सुमारे ७ मिलिमीटरांपर्यंत उघडते आणि डोळा सेकंदाच्या अंशभरच प्रकाश साठवतो. २० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ १.८ वर ठेवले तर त्याचा व्यास ११ मिलिमीटर होतो, आणि संवेदक वीस-वीस सेकंद प्रकाश गोळा करतो. अंधारात डोळ्यातील दंडपेशी काम करतात, त्यांना रंग ओळखता येत नाहीत, म्हणून आकाशगंगा डोळ्याला राखी दिसते. कॅमेऱ्याने दाखवलेले तांबूस मेघ आणि निळसर तारे खोटे नसतात, ते डोळ्याच्या मर्यादेपलीकडचे असतात. पुष्कळदा अशा चित्रांत क्षितिजाच्या वर हिरवट पट्टे उमटतात आणि ते प्रक्रियेतील दोष समजून पुसले जातात. प्रत्यक्षात तो वातावरणाचाच प्रकाश असतो. दिवसा सूर्यप्रकाशाने रेणूंतून सुटे झालेले ऑक्सिजनचे अणू रात्री पुन्हा जोडले जाताना सुमारे ९५ किलोमीटर उंचीवर ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश सोडतात. त्याला वायुदीप्ती म्हणतात, आणि ती उमटणे हे आकाश बऱ्यापैकी काळे असल्याचे लक्षण आहे.

झडप किती वेळ उघडी ठेवावी, याचा रूढ ठोकताळा असा की ५०० या संख्येला भिंगाच्या केंद्रांतराने भागावे. २० मिलिमीटरच्या भिंगाला २५ सेकंद मिळतात. हा नियम फिल्मच्या काळात पुरेसा होता. आजच्या ४५ मेगापिक्सेलच्या पूर्ण चौकटीच्या संवेदकावर एक पिक्सेल या भिंगातून आकाशाचा सुमारे ४५ कोनीय सेकंदांचा तुकडा पाहतो, आणि खगोलीय विषुववृत्तावरचा तारा एका सेकंदात १५ कोनीय सेकंद सरकतो. म्हणजे दर तीन सेकंदांना एक पिक्सेल, आणि २५ सेकंदांत आठ पिक्सेल. तारा बिंदू न राहता छोटी रेघ होते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे कमी अवधीच्या अनेक चौकटी घेऊन त्या संगणकावर एकमेकींवर बसवणे. यादृच्छिक कुरव, म्हणजे नॉइज, चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटत असल्याने १६ चौकटींनी चित्र चौपट स्वच्छ होते. दुसरा उपाय म्हणजे ट्रॅकर, ध्रुवाच्या रोखाने अक्ष ठेवून आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारे यंत्र. त्याने तारे बिंदुरूप राहतात, पण डोंगर हलतो, म्हणून डोंगराची चौकट वेगळी घ्यावीच लागते. ट्रॅकर लावण्यासाठी ध्रुवतारा दिसावा लागतो, आणि सह्याद्रीत तो इतका खाली असतो की समोर टेकडी आली की काम अडते.

या यंत्राचे काम एके काळी माणसाचा हात करीत असे. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड हा अमेरिकी खगोलज्ञ नॅशविलच्या एका छायाचित्रगृहात वयाच्या नवव्या वर्षापासून कामाला होता, आणि मोठी चित्रे छापण्यासाठी वापरले जाणारे उपकरण दिवसभर सूर्याकडे रोखून ठेवणे ही त्याची पहिली नोकरी होती. पुढे १८८९ पासून कॅलिफोर्नियातील माउंट हॅमिल्टनच्या शिखरावर, लिक वेधशाळेत, त्याने माणसांची चित्रे काढण्यासाठी बनवलेले सहा इंची भिंग लावून आकाशगंगेची छायाचित्रे घेतली. त्यासाठी तासन्‌तास मार्गदर्शक दुर्बिणीत डोळा लावून तो एक तारा तारांच्या छेदावर धरून ठेवीत असे. आकाशगंगेतील काळ्या चिरा म्हणजे ताऱ्यांची रिकामी जागा की पुढे आलेले धुळीचे मेघ, हा प्रश्न त्याच्या चित्रांमुळे गांभीर्याने विचारला गेला, आणि त्याचा छायाचित्रसंग्रह त्याच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगरमाथा, रुंद कोनाचे भिंग आणि काळोख या तिन्हींचा संयोग ज्ञान देऊ शकतो, हे तेव्हा सिद्ध झाले.

महाराष्ट्रातही आकाशनिरीक्षणाची परंपरा लहान नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये सुरू झालेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला २० इंची दुर्बिणीने काम करीत. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन भरवत आले, आणि लोकलने जाऊन तारे पाहण्याची सवय त्याने कित्येकांना लावली. आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नर-घोडेगाव परिसरात गिरवली येथे, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरांवर बसवली, ती २००६ मध्ये कार्यान्वित झाली. त्या वेळी सह्याद्रीच्या या पट्ट्यातला काळोख एका संशोधन-दुर्बिणीला पुरेसा वाटला होता, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आकाशाचा काळोख मोजता येतो. प्रति चौरस कोनीय सेकंद किती प्रतीचा उजेड आहे, असे ते माप असते. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट. नैसर्गिक काळोख सुमारे २२ प्रतींचा असतो. मोठ्या शहरात हे माप १८ किंवा त्याहूनही खाली येते, म्हणजे आकाश किमान चाळीसपट उजळ होते. दिव्यांचा प्रभाव अंतरानुसार झपाट्याने घटतो. कॅलिफोर्नियातील मोजमापांवरून मर्ल वॉकर यांनी बसवलेल्या नियमाप्रमाणे तो अंतराच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की उजेड साडेपाच पटींहून अधिक घटतो. म्हणूनच १०० किलोमीटरांवरचा गडमाथा इतक्या मोठ्या महानगराजवळ असूनही आकाशगंगा दाखवू शकतो. पण शहरे जागच्या जागी राहत नाहीत. मुंबईचा उजेड कल्याणपासून पनवेलपर्यंत पूर्वेकडे सरकत आला आहे. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सामान्य निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात कळवलेल्या ताऱ्यांच्या नोंदींवरून, आकाशाचा उजेड दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. त्यातील बहुतेक नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या असल्या, तरी वाढीच्या या वेगाने आठ वर्षांत उजेड दुप्पट होतो, हे गणित इथेही विसरता येत नाही.

उजेडाचा रंगही बदलला आहे. सोडियमचे दिवे मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास पिवळा-नारिंगी प्रकाश देत, आणि विशिष्ट काचेच्या गाळणीने तो बराचसा अडवता येई. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे मोठ्या प्रमाणात आले. वीज वाचली हे खरे, परंतु पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला असल्याने कोणतीही गाळणी त्याला वेगळा काढू शकत नाही, आणि त्यातला निळा भाग हवेत अधिक विखुरतो. दहा-बारा वर्षांपूर्वीची आणि आजची कोकणकड्यावरची चित्रे शेजारी ठेवली, तर क्षितिजावरच्या पट्ट्याचा रंग या बदलाची साक्ष देऊ शकतो, मात्र तो चित्रात राखलेला असला पाहिजे.

इथेच या कलेतील सर्वांत महत्त्वाचा मतभेद उभा राहतो. संगणकावर क्षितिजावरचा उजेड पुसून टाकणे आज काही मिनिटांचे काम आहे, आणि स्पर्धांमध्ये किंवा समाजमाध्यमांवर तशीच चित्रे नावाजली जातात. याहून पुढे जाऊन लडाखचे आकाश हरिश्चंद्रगडावर चिकटवले जाते. दुसऱ्या प्रकाराला फसवणूक म्हणायला फारसा कोणी कचरणार नाही, आणि ती पकडताही येते. आकाशगंगेचे केंद्र उत्तरेकडच्या डोंगरावर उभे दाखवणारे चित्र या अक्षांशावर अशक्य आहे. पहिला प्रकार अधिक सौम्य वाटतो, परंतु त्याचे नुकसान खोल आहे. चौकटी एकावर एक बसवणे, कडा चंद्रप्रकाशात आणि आकाश काळोखात टिपणे, उपग्रहांच्या रेघा गाळणे, या साऱ्या गोष्टींत त्या जागेचे सत्य शाबूत राहते. क्षितिजावरचा उजेड पुसला की मात्र पाहणाऱ्याला असे वाटते की सह्याद्रीत काळोख अजून अखंड आहे. ज्या नोंदीवरून तो वाचवण्याची मागणी करता आली असती, ती नोंदच नष्ट होते.

काळोख राखता येतो, याची उदाहरणे दूरची नाहीत. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे खालच्या दिशेने प्रकाश टाकणारे करण्यात आले. हानलेभोवतीचे सुमारे १,००० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र लडाख प्रशासनाने २०२२ मध्ये अशाच कारणाने अधिसूचित केले, आणि तिथले गावकरी दुर्बिणी घेऊन पाहुण्यांना आकाश दाखवतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहेच. मे-जूनच्या संधिकाळात भंडारदऱ्याच्या परिसरात लाखो काजवे लुकलुकतात, ते जोडीदार शोधतात तो प्रकाशाच्या खुणेने, आणि मोटारींच्या दिव्यांत व तंबूंवरच्या रोषणाईत ती खूण हरवते. काजव्यांना आणि आकाशगंगेला लागतो तो काळोख एकच आहे, त्यामुळे त्याच्या रक्षणासाठी वेगळा कायदा शोधण्याआधी दिव्यांना टोपी घालणे, उबदार रंगाचे दिवे वापरणे आणि रात्री दहानंतर रोषणाई बंद करणे एवढे तरी घाटमाथ्यावरच्या तंबूवाल्यांपासून सुरू करता येईल. गडावर येणाऱ्या पाहुण्यांवरच पाचनई-खिरेश्वरसारख्या गावांतली अनेक घरे चालतात. काळोख हा त्यांच्याही मिळकतीचा भाग आहे, हे त्यांना पटवण्याचे काम छायाचित्रकारच चांगले करू शकतात.

लक्ष्मीपूजनाची रात्र आश्विन अमावास्येची असते. घराघरांत सर्वाधिक दिवे लागतात ती ही रात्र चंद्राच्या हिशेबाने महिन्यातली सर्वांत काळोखी असते. त्या संध्याकाळी सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाऊन खरा अंधार होण्यास सव्वा तास लागतो. त्यानंतर धनू राशी नैर्ऋत्येला कलत असते, आणि आकाशगंगेचे केंद्र मावळायला सुमारे दीड तास उरलेला असतो. ते ज्या बिंदूकडे उतरते, त्याच बिंदूच्या खाली, कोकणकड्यावरून पाहता, पनवेल आणि नवी मुंबईचा उजेड येतो. एखाद्या वर्षी पावसाच्या शेवटच्या बाष्पाचे ढग कोकणात खाली साचून राहतात, कड्याच्या ओठापर्यंत पांढरे पाणी भरल्यासारखे दिसते, आणि दिव्यांवर पांघरूण पडल्यामुळे नैर्ऋत्येचे आकाश तेवढ्या तासापुरते अधिक गडद होते. ढग विरळ असले तर तेच खालून पेटल्यासारखे उजळतात. दोन्ही चित्रे त्या कड्याचीच आहेत, आणि दोन्हींखाली तारीख, वेळ व दिशा लिहून ठेवावी लागते.